सुभेदाराचा बाप

वडूजच्या पूर्वेला माळाच्या कडेनं धनगरांची घरं आहेत. त्यांत सगळ्यांत देखणा मेंढा दगडाबाईचा. हे दगडाबाई स्वतःच सांगायची, दुसऱ्या कुणी म्हणण्याची वाट बघत बसायची नाही. मेंढ्याचं नाव सुभेदार. उंचापुरा, पांढरा, पोपटासारखं बाकदार नाक, आणि चाल अशी की पेन्शनीत निघालेला सुभेदार बाजारात वांगी घ्यायला चाललाय. एक कान तेवढा काळाकुट्ट. तो का काळा, असं कुणी विचारलंच तर बाई म्हणायची, एवढ्या रूपाला दृष्ट लागंल म्हणून देवानंच तीट लावलीय.

सुभेदाराचे आईबाप दोन्ही तिच्या माहेरच्या वाणाचे, जतकडचे. लग्नात आंदण आलेल्या मेंढरांचा हा वंश तिनं उभ्या जन्मात निवडून-पाखडून राखला होता. शेजारची चुलत जाऊ तानुबाई हिच्याकडं मात्र बुटकी काळी मेंढरं. त्या मेंढ्या दर वेताला जुळी कोकरं द्यायच्या, आणि तानुबाई ते गावभर सांगायची. दगडाबाई म्हणायची, जुळ्याचं काय कौतुक, मांजरीला तर चार-चार होतात.

दगडाबाईची नात पल्लवी बायोटेकचं शिकून खंडाळ्याकडच्या एका नव्या कंपनीत लागली होती. कंपनीचा बेत मोठा. चांगल्या मेंढ्यांचं बी नळ्यांत भरून गोठवायचं आणि सातारा-सांगलीच्या कळपांना पुरवायचं. जनावरांच्या लसी, रक्ताच्या तपासण्या, सगळं ह्याच पट्ट्यात झालं पाहिजे, दर वेळी पुण्याला कशाला पळायचं, असं साहेब म्हणत. पण एवढ्या मोठ्या इमारतीत मेंढा एकही नव्हता. पल्लवीची नोकरी अजून कच्ची. पहिला मेंढा तिनं जोखून आणला तर ती पक्की होणार होती.

आजी सुभेदार द्यायला एका पायावर तयार झाली, पण वरमाईच्या थाटात. गाडी घ्यायला दारात आली पाहिजे. गाडीत घोंगडं अंथरलं पाहिजे. सुभेदाराला फेटा बांधायचा, आणि तो उतरताना कंपनीच्या साहेबानं स्वतः पुढं यायचं. पल्लवी सगळ्याला हो म्हणाली आणि सुभेदाराचं, त्याच्या आईचं नि बापाचं रक्त घेऊन गेली. ती वळणाआड गेली नसेल तोवर दगडाबाई वडूजच्या बाजारात पोचली होती. आता जतपासून खंडाळ्यापर्यंत प्रत्येक कळपात माझ्या माहेरचं रक्त खेळणार, हे तिनं भाजीवाल्यांना सांगितलं, भांडीवाल्याला सांगितलं, आणि एसटीची वाट बघणाऱ्या परक्या माणसांनाही सांगितलं.

रविवारी पल्लवी परत आली. चहा प्यायली. मग आधी चांगलं सांगितलं. सुभेदाराच्या रक्तात जुळी देण्याचा गुण सापडलाय. अंगानं एवढा उंच आणि वर हा गुण, असा मेंढा हुडकूनही मिळत नाही. साहेब नुसते हरखलेत.

"आन् वंगाळ काय हाय ते?" दगडाबाई म्हणाली. तिला नातीचं तोंड वाचता येत होतं.

"आज्जे, आई तीच हाय," पल्लवी म्हणाली. "बाप त्यो न्हाई."

लोकर कातत बसलेल्या तिच्या नवऱ्याची, म्हाताऱ्या अर्जुनाची चाती हातातल्या हातात थांबली. दगडाबाईनं आधी रक्त तपासणाऱ्या मशिनीला शिव्या दिल्या, मग मशीन घेणाऱ्याला, मग असल्या शिक्षणाला. खात्यापित्या घराची अब्रू काढायला पगार देतात का, असं विचारलं. पल्लवी शांतपणे सांगत राहिली की रक्तातलं निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. आईचं निम्मं जुळलं, दुसऱ्या निम्म्याचा घरच्या मेंढ्याशी काडीचाही संबंध नाही. आता खऱ्या बापाचं रक्त मिळालं तरच कंपनी सुभेदाराला घेणार. ज्याचा बापच ठाऊक नाही, त्याचं बी लोकांच्या कळपात कोण सोडणार?

दगडाबाई नवऱ्याकडं वळली. अर्जुनानं उठून पाणी प्यायचा बेत केला होता, तो जमला नाही. त्यानं सांगून टाकलं. मागं कराडकडं एका उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तेव्हा तानुबाईचा कळपही त्याच रानात होता. नको ते होऊ नये म्हणून तानुबाईच्या मेंढ्याच्या पोटाखाली त्यानं स्वतः फडकं बांधलं होतं.

"मग?"

"सकाळी बघतोय तर मेंढा फडकं खात हुता."

"आन् हे मला सांगाय तोंड नव्हतं?"

"तू कवा इचारलंस?"

मग तिघंही सुभेदाराच्या काळ्या कानाकडं बघत राहिली.

दोन दिवस दगडाबाई कुणाशी बोलली नाही, म्हणजे घर कसं निवांत होतं. मेंढा ठेवून घ्यावा, तर बाजारातले लोक विचारणार, काय झालं गं तुझ्या सुभेदाराचं. पाठवावा, तर तानुबाईच्या दारात जावं लागणार. आणि पल्लवी तोंडानं काही मागत नव्हती, हे सगळ्यांत वाईट. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. तिसऱ्या दिवशी दगडाबाईनं खण-नारळ घेतला आणि गेली.

तानुबाई दारातच बसली होती, जशी काही खुर्ची मांडून वाट बघत असावी.

"या विहीणबाई," ती म्हणाली, आणि बसायला काही टाकलं नाही.

दगडाबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. तानुबाईनं खण उलटसुलट करून पाहिला, रंग जरा फिका आहे म्हणाली, आणि ठेवून घेतला. रक्त घ्या की, तिचं काही म्हणणं नव्हतं. अट एकच.

"गाडी यील तवा सगळ्यांच्या देखत सांगायचं, सुभेदार कुणाचा त्ये. तुझ्या तोंडानं."

तानुबाईच्या मेंढ्याचं रक्त जुळलं, आणि गाडी आली त्या दिवशी सरपंचाच्या सभेला जमत नाहीत एवढी माणसं जमली. सुभेदाराला फेटा होता, गाडीत घोंगडं होतं. दगडाबाईनं पदर खोचला आणि एका दमात पुटपुटली. तानुबाईनं कानामागं हात धरला आणि मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणाली.

मग दगडाबाईनं असा आवाज लावला की माळापलीकडची कुत्री उठून बसली. "ह्यो तानाक्काच्या मेंढ्याचा. बाप बुटका हाय, काळा हाय, फडकी खातोय. पर माझ्या मेंढीनं त्याच्यातलं तेवढंच घेतलं जेवढं कामाचं हुतं. बसा आता गाडीत आक्का."

तानुबाईला खरं तर जायचं नव्हतं. पण दगडाबाई तिकडं जाऊन काय सांगेल, ह्याचा नेम नव्हता. म्हणून ती चढली.

खंडाळ्यात कंपनीच्या फाटकाशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत जायचं असतं. तानुबाई नव्या चपला भिजवायला तयार होईना, ती वॉचमनशी भांडत बाहेरच राहिली. आत पांढऱ्या कोटातल्या साहेबानं सुभेदाराच्या ठाणावरची पाटी पुढं ओढली आणि विचारलं, मालकाचं नाव काय लिहू? पल्लवी खाली बघत उभी होती. तानुबाईचा आवाज फाटकापलीकडून येत होता. इथं एकच नाव सांगितलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं.

दगडाबाईनं सुभेदाराच्या पाठीवरून हात फिरवला.

"दोघींचं लिवा," ती म्हणाली. "पर आईकडचं आधी."

साहेब जरा हसला आणि म्हणाला, "आजी, पद्धत अशी असते की बापाकडचं आधी लिहायचं."

"म्हनून तर येवढा घोळ झाला," दगडाबाई म्हणाली. "आईचा कुटं झाला?"

साहेबानं खडू उचलला आणि ती सांगेल तसं लिहू लागला.