बस न येणारा थांबा

मित्रांनो, मी एक जुना बसथांबा आहे. वय अकरा वर्षं, अनुभव शून्य. माझ्यापुढं आजवर एकही बस थांबलेली नाही.

थांबणार तरी कशी? मी रस्त्यावर नाहीच. शहराच्या छावणी भागाजवळ दिव्यांग तरुणांचं एक निवासी प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या अंगणात मी उभा आहे. ज्यांना गोष्टी जरा उशिरा उमजतात अशी मुलंमुली शाळा संपल्यावर इथं राहतात आणि स्वयंपाक, कपडे धुणं, कामधंदा, प्रवास असं एकट्यानं जगायचं शिक्षण घेतात. त्यांच्याच वेल्डिंगच्या वर्गात माझा जन्म झाला. म्हणून मी थोडा डावीकडं झुकलेला आहे. पाटीवर 'छावणी ते बजाजनगर' लिहिलं, पाय सिमेंटात पुरले आणि मी सेवेत रुजू झालो.

बस म्हणजे भाजीचा हातगाडा. तो ढकलणारा कडुबा, इथला वॉचमन; हॉर्नही त्याच्याच तोंडचा. मंजुषाताई प्रवास शिकवायच्या. रांगेत राहा, हात करा, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, मग चढा. माझं कौतुकही पुष्कळ झालं. एक पाहुणे साहेब तर वीस मिनिटं माझ्याखाली उभे राहिले आणि 'बसला फार उशीर होतो' असा शेरा वहीत लिहून गेले.

माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी शिवम, वय एकवीस. तीन वर्षांत त्याचा हातगाडा एकदाही चुकला नाही. यंदा त्याची मुदत संपत होती. बजाजनगरच्या एका कारखान्यात खोकी भरायचं काम मिळत होतं. अट एवढीच, की तीन दिवसांत एकदा तरी एकट्यानं वेळेवर येऊन दाखवायचं. जमलं तर नोकरी. नाही तर खुलताबादकडच्या आपल्या गावी परत, आणि तिथं ओसरीवर बसण्यापलीकडं त्याला काही काम नव्हतं.

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि दुपारीच परत आला. मंजुषाताई त्याच्या मागं लपून गेल्या होत्या. माझ्याजवळ येऊन त्या कडुबाला सांगू लागल्या, "खऱ्या थांब्यावर रांग लावली रे त्यानं. एकट्याचीच."

"मंग?"

"उतरणाऱ्यांना उतरू दिलं. मग म्हाताऱ्या बाईला चढू दिलं, मग कॉलेजच्या पोरींना, मग सगळ्यांनाच. अशा तीन बस गेल्या, कडुबा."

"तुमी काहून नाय ढकललं मागून?"

"मी दिसायचं नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या संध्याकाळी ताईंनी अभ्यासक्रम बदलला. "शिवम, आज धक्का द्यायचा. कोपर मार."

हातगाडा आला, पोरांनी गर्दी केली. शिवमनं शेजारच्या तनुजाला हळूच कोपर लावलं आणि विचारलं, "लागलं का गं? तू जा आधी." मग त्यानं एकेकाची माफी मागितली. तोवर गाडा निघून गेला.

मला ओरडावंसं वाटलं. पण थांब्याला तोंड नसतं, पाटी असते. आणि तिच्यावर काय लिहायचं ते दुसरे ठरवतात.

तिसऱ्या दिवशी पाचवी बस रिकामी आली, तेव्हा कुठं तो चढला. कारखान्यात पोचला तर जेवणाची सुट्टी झालेली. मालक भला माणूस. त्यानं डबा खाऊ दिला, पाठ थोपटली आणि परत पाठवलं.

शिवमचे वडील तात्यासाहेब जीप घेऊन आले. म्हणाले, "बाई, लई शिकवलंत. पण कायदा शिकवला, दुनिया नाय शिकवली." ताईंनी माझा खांब धरला.

शिवम बॅग घेऊन माझ्याखाली आला. तात्यासाहेबांनी जीप वळवून जवळ आणताच त्यानं हात केला. ती थांबली. माझ्यापुढं थांबलेलं ते पहिलं खरं वाहन.

"चढ की रं."

"आधी तुम्ही उतरा, तात्या."

"म्या कशाला?"

"उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं असतं."

तात्यासाहेबांनी एकदा ताईंकडं बघितलं. मग गाडी बंद केली आणि खाली उतरले. शिवम चढला, नीट बसला. तात्यासाहेबांना मात्र परत चढायला बराच वेळ लागला.

आता कडुबा माझ्यावर टॉवेल वाळत घालतो. नवी मुलं आली आहेत, ताई पुन्हा तेच नियम शिकवतात. दुसरं काय शिकवणार?

मित्रांनो, मला रंग देऊ नका, सरळही करू नका. फक्त खऱ्या थांब्यावर कुणी एकट्याचीच रांग लावून उभा दिसला, तर त्याच्या मागं जाऊन उभे राहा. एकट्याला लोक वेडा म्हणतात. दोघं झाले की ती रांग होते.