तेविसावं भिंग

चष्म्याची भिंगं कापणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात प्रोग्रामरबाई सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. पायाला भिंगरी लागल्यासारखी मशीनपासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून खिडकीपर्यंत. बारा वाजता मालकीणबाई येणार होत्या आणि मशीनवर भिंग बसवणाऱ्या काकांना तिथून उठवून कायमचं पॅकिंगला बसवणार होत्या. त्याला आधार काय, तर हिनंच काढलेला आलेख!

झालं होतं असं. मशीनच्या संगणकाला चार कोअर, म्हणजे चार कामकरी. चौथ्यानं फक्त पात्याला हुकूम द्यायचे. पण कर्नल, म्हणजे संगणकाचा घरकारभार पाहणारी यंत्रणा, भारी लुडबुडी. मेमरी आवर, डिस्कवर लिही, वेळ मोज, असली फुटकळ कामं ती मधूनच चौथ्याच्या गळ्यात मारायची. पात्याचा हुकूम किंचित उशिरा जायचा आणि भिंगावर केसाएवढा ओरखडा उमटायचा. बाईनं आठवडाभर खपून एकेक काम बाकीच्या तिघांवर ढकललं. मग चौथ्यावरच एक पहारेकरी बसवला, उशीर मोजणारा छोटासा प्रोग्राम. त्याचा आलेख सपाट आला, म्हणजे उशीर कुठेच नाही. ओरखडे मात्र कमी झाले तरी थांबले नाहीत.

खापर फुटलं काकांवर. "वय झालं, हात थरथरत असेल," मालकीणबाई म्हणाल्या आणि आपल्या आलेखावर खूश असलेली बाई गप्प बसली. पंधरा दिवस सगळा कारखाना काकांच्या हाताकडे टक लावून बघत होता.

अकरा वाजता काकांनी तिच्या टेबलावर वही आपटली.

"हे बघ. बावीस भिंगं चांगली, तेविसावं खराब. पुन्हा बावीस चांगली, तेविसावं खराब. माझा हात काय मोजून थरथरतो?"

तिनं मनात हिशेब केला. एका भिंगाला सव्वीस सेकंद, म्हणजे तेवीस भिंगांना जवळपास दहा मिनिटं. दर दहा मिनिटांनी काय होतं? दर दहा मिनिटांनी तिचा पहारेकरी आपली नोंद डिस्कवर उतरवायचा. ते काम कर्नल त्याच चौथ्या कोअरवर उरकायची, आणि लिहिताना पहारेकऱ्याचं मोजणं बंद! आपली चोरी त्याला दिसणार कशी?

तिनं पहारेकरी बंद केला. नंतरच्या अर्ध्या तासात काकांनी एकोणसत्तर भिंगं बसवली. एकावरही ओरखडा नव्हता.

मालकीणबाई आल्या तेव्हा ती दारातच आडवी गेली. "चूक माझी होती. काकांचा काही दोष नाही."

"नवा आलेख दाखव."

"नाही. आलेखासाठी मोजणारा प्रोग्रामच घोळ घालत होता. आता माझा शब्द आणि ही भिंगं, एवढंच आहे."

मालकीणबाईंनी भुवई उंचावली. "ठीक. काका, माझ्यासमोर एक बसवा, म्हणजे प्रश्न मिटला."

काका मशीनपाशी गेले. मालकीणबाई डावीकडून वाकल्या, पॅकिंगच्या दोघी उजवीकडून. काकांनी भिंग उचललं, आणि त्यांचा हात खरोखरच थरथरायला लागला.

बाईला ते बघवेना. "बाहेर चला सगळे! मालकीणबाई, तुम्हीसुद्धा!" ती ओरडली. मालकिणीला असं कुणी कधी हाकललं नव्हतं, पण तिचा अवतार बघून त्या निघाल्या. बाईही निघाली आणि मशीनकडे पाठ करून उभी राहिली. वळून बघायला मान नुसती शिवशिवत होती. ती वळली नाही.

अर्ध्या मिनिटानं काका भिंग घेऊन बाहेर आले. मालकीणबाईंनी भिंग उजेडात उलटसुलट फिरवलं आणि म्हणाल्या, "पॅकिंगला मी दुसरं माणूस बघते."

त्या गेल्यावर बाई कशीबशी म्हणाली, "काका, मला माफ करा. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

काकांनी वही उचलली. "पंधरा दिवस मी घरी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतोय, पोरी," ते म्हणाले आणि आत निघून गेले.