उत्तम मेंढपाळाच्या रविवारचं मटण

पलूसच्या चंद्राबाईची सून प्रियदर्शनी लय शिकल्याली. माहेर कोरेगावचं. लग्नाला वरीसबी न्हाई झालं, तवर चर्चच्या संडे स्कूलची मास्तरीण झाली.

ईस्टर झाला. त्याआधी उपवासकाळात घरानं पिठलं-भाकरीवर प्रभूचे हाल आठवले होते. म्हंजे लेकानं, शांतवननं आठवले. चंद्राबाईनं गुळाच्या डब्यात हात घालून आपले हाल परस्पर कमी केले होते. आता जरा मोकळं खाऊ म्हणंस्तवर सूनबाईंनी सभा घेतली.

"आई, ईस्टर म्हणजे एक दिवस नसतो. पुढं पन्नास दिवस, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत आनंदाचाच काळ असतो. आपण दर रविवारी चर्चमधल्या धड्याप्रमाणं जेवण करायचं."

"म्हंजे आनंदबी आता नियमानं. बरं झालं बाई, आमी आपला कसाबी करत होतो."

पयला धडा थोमाचा. जेवायला भरली वांगी. शांतवननं इचारलं, "वांगी का गं?"

"थोमा शिष्यानं प्रभूच्या जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. तसंच वांगं. आत मसाला आहे का, बोट घालून बघायचं."

"मी तर तुझ्या हातचं सगळंच तसं बघून खाती," चंद्राबाई म्हणाली.

फुडच्या रविवारी प्रभूनं शिष्यांम्होरं मासा खाल्ला, म्हणून कृष्णेचा मासा. काटा शांतवनच्या घशात. पाठीवर बुक्क्या, तोंडात केळ, डोळ्याला पाणी. लय आनंद झाला घराला.

मग आला उत्तम मेंढपाळाचा रविवार, प्रभूनं सोताला मेंढपाळ म्हणवल्याचा धडा. चर्चचे पाळकसाहेब सांगलीहून मोटारसायकलवर यायचे आन दर रविवारी एकेका घरी जेवायचे. कुणाच्या घरी काय वाढलं, त्यावर बायका आठवडाभर चघळत बसायच्या. ह्या खेपंला पाळी चंद्राबाईच्या घराची, आन सुनेचा हा पयलाच मान.

"मटण करायचं," प्रियदर्शनी म्हणाली.

"वा! मेंढपाळाचा सण आन मेंढरू पातेल्यात. उद्या डॉक्टराचा सण आला तर पेशंट कापशील व्हय?"

"आई, ते प्रतीक असतं."

"मग प्रतीकाला तिखट किती टाकती?"

शांतवन हळूच म्हणाला, "दारात गब्रू हायच की."

चंद्राबाई उठून दाराच्या आडवी झाली. धुळा धनगराची मेंढरं हिवाळ्यात शेतात बसली होती, तवा एक मेंढी विताना मेली. "जगलं तर तुमचं, म्हातारे," म्हणून धुळानं कोकरू तिच्या पदरात टाकलं होतं. तिनं बाटलीनं पाजून जगवलं, गब्रू नाव ठेवलं. आता ते तिच्या बाजेला अंग घासल्याबिगर झोपत न्हवतं.

तिनं लगीच पवित्रा घेतला. "ह्या जातीचं मटण शिजत न्हाई रं. तुज्या आज्यानं एकदा घातलं शिजाय. चार गावचं सरपण संपलं. शेवटी आतनं अशी लाथ बसली, झाकण उडून माधवनगरच्या गिरणीच्या धुराड्यावर जाऊन बसलं. अजून हाय थितं."

"आई, मागल्या खेपंला ते झाकण मिरजेच्या टेशनावर होतं."

"वाऱ्यानं सरकलं आसंल."

दोघं हसली आन खाटकाला निरोप गेला. चंद्राबाईची थाप घरात आता खपत न्हवती. तिनं मग जन्मात न केल्यालं काम केलं. पाळकसाहेबांना फोन लावून खरं बोलली. "साहेब, उपदेशाला जित्तं कोकरू दावा की पोरांना. आमच्यात हाय."

साहेब खूश. त्यांनी प्रियदर्शनीला कौतुकाचा फोन केला, मग तिला न्हाई म्हणता येईना. शांतवननं तोडगा काढला, "उपासना झाली की घरी आणून कापू. जेवाय जरा उशीर हुईल, एवढंच."

रविवारी साहेबांनी गब्रूला खांद्यावर घेतलं. "मेंढपाळ मेंढरांसाठी आपला जीव देतो," साहेब म्हणाले, आन गब्रूनं त्यांच्या झग्याची कॉलर चघळाय घेतली. पोरं खिदळली.

"कुणाचं आहे हे गोड कोकरू?"

हीच घटका म्हणून चंद्राबाई उभी ऱ्हायली. "प्रभूचं हाय, साहेब! मी अर्पण केलं."

मंडळी म्हणाली, "आमेन." चंद्राबाई खाली बसली आन मग तिच्या ध्यानात आलं. कुणी कोंबडी, अंडी, नारळ अर्पण केला, की उपासनेनंतर त्याचा लिंबाखाली लिलाव व्हायचा. हयातभर बघत आल्याली पद्धत, आन नेमकी आजच इसरली.

लिंबाखाली रिटायर सुभेदार हंबीरराव मिशीला पीळ भरून उभे. "नातवाच्या बाप्तिस्म्याला झकास हुईल," म्हणून त्यांनी बोली लावली. कुणी वाढवली, की ते त्याच्या वर. गब्रू चंद्राबाईकडं बघून ओरडाय लागला.

शांतवन आईच्या कानाशी लागला. "सांग की आता झाकणाची गोष्ट."

चंद्राबाईच्या हातात नुस्ता पदराचा बोळा. सूनबाई तिच्याकडंच बघत होती. सासू गप बसल्याली तिनं लग्नापास्नं पयल्यांदाच बघितली.

"सुभेदारांच्या वर माझी!" प्रियदर्शनी एकदम ओरडली.

हंबीररावांनी वाढवली, तिनं आनखी वाढवली. शेवटी संडे स्कूलची पोरं गब्रूच्या गळ्यात पडून सुभेदारांकडं अशी बघाय लागली, की माणूस मिशी सोडून चपला शोधाय लागला.

घरी खाटीक ओसरीवर बसला होता. प्रियदर्शनीनं त्याला च्या पाजून वाटंला लावलं आन चुलीवर पिठलं टाकलं.

पाळकसाहेब ताटावर बसले. ताटाकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. "ताई, शांतवन मटणाचं काहीतरी म्हणत होते..."

"छे, साहेब!" सूनबाईनं पापणीबी हलवली न्हाई. "मेंढपाळाच्या रविवारी पिठलंच खायचं, अशी आमच्या कोरेगावच्या मंडळीत फार जुनी प्रथा आहे."

शांतवनला ठसका लागला. चंद्राबाईनं सुनेकडं वरपास्नं खालपातूर बघितलं, जशी काय आजच घरात आली.

"असं?" साहेबांनी भाकरी मोडली. "मी कधी ऐकलं नाही. सुरू कशी झाली म्हणायची ही प्रथा?"

प्रियदर्शनीनं हळूच सासूकडं बघितलं.

चंद्राबाईनं पाट वढला, मांडी घातली आन साहेबांच्या ताटात आनखी एक पळी पिठलं सोडलं. "त्याचं आसं झालं साहेब, कोरेगावला एक गोरा पाद्री होता, साडेआठ फूट उंच..."