जुना कर्नल कुणी काढला?

दुपारी जेवून वहिनी छपाईच्या खोलीत आली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि ब्रेलचं मशीन ढिम्म हलेना. मुलींच्या अंधशाळेच्या उद्याच्या परीक्षेचे पेपर संध्याकाळी द्यायचे होते. तिने वायर काढून लावली, मशीन बंद-चालू करून पाहिलं. कॉम्प्युटरला मशीन दिसतच नव्हतं.

शंका येऊन तिने कॉम्प्युटर सुरू होतानाची यादी उघडली. तिचा कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचा, तिचा गाभा म्हणजे कर्नल. त्याचा नवा अवतार आला तरी ती जुना मुद्दाम ठेवायची. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला मशीनशी जोडणारा प्रोग्रॅम, नव्या कर्नलवर चालत नव्हता. यादीत आता एकटा नवाच उरला होता.

"भाऊजी!"

धाकटा दीर हसतच आत आला. "बघितलंत ना? डिस्क भरली होती, अपडेट अडकत होतं. सकाळी सगळा जुना कचरा उडवला. केवढी जागा झाली!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी त्याला अहो-जाहो करणारी ती एकदम एकेरीवर आली.

"कचरा? मशीन त्याच्यावर चालतं! मला विचारायला जीभ झडली होती तुझी?"

"आता मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं, तर हात कशाला लावलास?"

सासूबाई दारात आल्या. "जाऊ दे गं, चांगल्यासाठीच केलं त्याने."

हे वाक्य तिला पाठ झालं होतं. त्याने तिचं कपाट 'आवरलं' तेव्हाही हेच. तिला आलेलं काम त्याने परस्पर नाकारलं तेव्हाही हेच.

"चांगल्यासाठी? मग उद्या त्या मुलींना प्रश्न वाचून दाखवायला हाच जाऊ दे!"

सासूबाई आत गेल्या. ती खुर्चीत बसली. रागाच्या भरात कमांड पुन्हा पुन्हा चुकत होती. नेटवरच्या जुन्या साठ्यातून तोच कर्नल शोधून तिने उतरवला, ड्रायव्हर पुन्हा चढवला, आणि साफसफाईत तो परत उडू नये अशी सोय करून ठेवली. मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून यादीतून जुना निवडला. मशीन खडखडून कागदावर ठिपके ठोकू लागलं.

तेवढ्यात शाळेचे सर काठी टेकत आले. त्यांनाही दिसत नव्हतं. "झाले का पेपर?"

"थोडी तांत्रिक अडचण आली, सर," दीर पुढे झाला.

"अडचण कसली?" वहिनी कडाडली. "यांनी न विचारता माझ्या कॉम्प्युटरमधून मशीनला लागणारा जुना कर्नल काढून टाकला, म्हणून उशीर झालाय. बसा सर, आजच देते."

दिराचा चेहरा पडला. सारवासारव म्हणून तो तयार कागद उचलून तळव्याने दाबून गठ्ठा लावू लागला.

"दाबू नकोस! ठिपके चपटे होतात!" तिने गठ्ठा हिसकावला. तो पाय आपटत बाहेर गेला.

सरांनी प्रत्येक पेपरवरून बोट फिरवून खात्री केली आणि अंधार पडता पडता ते गेले. ते गेल्यावर तिने कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. जेवताना सासूबाईंनी "झालं ना शेवटी सगळं नीट?" म्हणताच ती ताट उचलून छपाईच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.