खांद्यावरची चार बोटं

सुट्टी लागली त्याच दिवशी सेनानूने भिंतीवर घानाच्या राजधानीचा, अक्राचा नकाशा टांगला आणि लाल पेन्सिलीने चाळीस वस्त्यांवर खुणा केल्या. बारा वर्षं तो अदेंताच्या शाळेत भूगोल शिकवत होता. नाईल नदीचे सगळे फाटे त्याला तोंडपाठ, पण ज्या शहरात हयात गेली त्याच्या निम्म्या गल्ल्या त्याने पाहिल्या नव्हत्या. मेव्हण्याने परदेशातून जुना कॅमेरा पाठवला आणि मास्तरच्या अंगात आलं. बायको म्हणाली, "लोक सुट्टीत घराचं छप्पर दुरुस्त करतात. आमचे हे चालले दुसऱ्यांची छपरं बघायला!" पण हौसेला मोल नसतं हे तिलाही ठाऊक होतं. तिने डब्यात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी बांधून दिली.

रोज सकाळी ट्रोट्रोच्या, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीच्या, मागच्या बाकावर अंग चोरून बसायचं, एका वस्तीत उतरायचं, संध्याकाळपर्यंत पायपीट करायची आणि घरी येऊन एक फोटो फोनवरच्या आपल्या पानावर टाकायचा, असा त्याचा नेम. निमातले बूट शिवणारे, मकोलातल्या टोमॅटोवाल्या, जेम्सटाउनच्या तालमीतली पोरं. पहिल्या आठवड्यात अकरा माणसं ते पान बघत होती, त्यातली चार त्याच्याच सासरची. महिन्याभरात आकडा नऊ हजारांवर गेला. ही भूक वाईट असते आणि ती केंके खाऊन भागत नाही. सकाळी डोळे चोळायच्या आधी तो आकडा बघायला लागला.

चोरकोरच्या कोळीवाड्यात तो मंगळवारी गेला. मंगळवारी तिथलं कुणी मासेमारीला जात नाही, तो दिवस समुद्राचा. सगळी होडकी वाळूवर होती आणि सगळे पुरुष जाळ्यांपाशी. त्याला अडवलं मात्र आवो देदेईने; आवो म्हणजे आई, सगळी गल्ली तिला तसंच म्हणायची. ती भट्टीवरच्या जाळीत मासे उलटत होती. साठी ओलांडलेली बाई, पण आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचणारा.

"ए कॅमेरावाल्या! मासे मांडले की कावळे येतात, तसे येता तुम्ही. उचललं की उडाले. गेल्या वर्षी एक गोरा आला, माझे पंधरा फोटो काढले. त्यातला एक तरी माझ्या भिंतीवर दाखव बघू!"

"मी देईन ना, आवो."

"सगळेच देतात. कधी देणार ते बोल."

"पुढच्या मंगळवारी."

पलीकडे तिचा नवरा जाळं सांधत बसला होता. त्याचं नाव ओक्पोती. वयाचा मान म्हणून सगळी गल्ली त्याला नुमो, म्हणजे म्हातारबाबा, म्हणायची. तो हसत म्हणाला, "मास्तर, पळ. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी पळालो नाही, म्हणून आज इथे बसलोय."

"पळाला असतास तर तुझी फाटकी जाळी कुणी आवरली असती? सरळ बस!" आवोने हात धुतले, पदराला पुसले आणि ती त्याच्या स्टुलामागे येऊन उभी राहिली. "दोघांचा काढ. लग्नातला एक होता, तो पुरात गेला. तेव्हापासून आमचा दोघांचा फोटो नाही."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या बोटावर भट्टीने भाजल्याचा जुना चट्टा होता. सेनानूने बटण दाबलं तेव्हाही तिची टकळी चालूच होती. तिचं तोंड हललेलं आलं. नुमोचा चेहरा मात्र फोटोत असा टिपला गेला होता की मास्तरला स्वतःचाच हेवा वाटला.

पुढचा मंगळवार लाबादीत गेला. त्याच्या पुढचा कानेशीच्या बाजारात. फोटो छापून आणला होता, पिशवीतच होता. पण नकाशावरच्या खुणा वाट बघत होत्या आणि नव्या वस्तीचा नवा फोटो लोकांना हवा होता. दिलेला शब्द काय, उद्याही पाळता येतो, असं माणसाला वाटतं.

तो चोरकोरला परत गेला तो चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी. भट्ट्या थंड होत्या. स्टूल भिंतीला उलटं टेकवून ठेवलेलं होतं. शेजारची लांकाई त्याला बघून उठली आणि हाताला धरून त्याला आडोशाला घेऊन गेली.

"नुमो गेले, मास्तर. रविवारी. जाळं गुंडाळायला बसले ते उठलेच नाहीत."

"आणि आवो?"

"सीमेपलीकडे लोमेला आहे, धाकट्या लेकीकडे. लेकीला मुलगा झालाय. शनिवारी पहाटे बाळाचं नाव ठेवायचं आहे. तिला काही माहीत नाही." लांकाईने आवाज आणखी खाली आणला. "ते मंगल कार्य पार पडू दे. सोमवारी ती येईल. वडीलधारे बसतील, तिला पाणी देतील, प्रवास विचारतील आणि मग थोरले दीर, कोतेई नुमो, आपल्या तोंडाने सांगतील. तोवर गल्लीत कुणी रडायचंसुद्धा नाही. तोंडाला कुलूप, बरं का!"

मास्तरला हे शिकवायला नको होतं. तो या लोकांतला नव्हता, एव्हे जमातीचा होता, पण त्याच्याकडेही रीत हीच. त्याचे वडील गेले तेव्हा गावच्या अंगणात त्याला आधी बसवलं होतं, पाणी दिलं होतं. त्या पाण्याच्या आधाराने त्याने बातमी सोसली होती.

घरी येऊन त्याने तो फोटो उघडला आणि त्याला रडू कोसळलं. रडणं खरं होतं. पण रडून झाल्यावर त्याची बोटं जे करायला लागली तेही त्याचंच होतं. आवोचं हललेलं तोंड नजरेला खुपत होतं, म्हणून त्याने ती बाजू कापली. मग नुमो एकटेच उरले, आणि खांद्यावर कडेला चार बोटं. ती निघेनात, नाहीतर नुमोचा कान गेला असता. राहू दे, म्हणाला. खाली लिहिलं: "शांत झोपा, नुमो." नाव नाही, गाव नाही. आवोकडे तर साधा बटणाचा फोन. मी तोंडातून कुठे अक्षर काढलंय, असं त्याने स्वतःला समजावलं. सकाळपर्यंत सहा हजार लोकांनी त्याखाली हात जोडले होते. इतकी माया त्याला आजवर मिळाली नव्हती, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला ती गोड लागली.

शनिवारी दहाच्या सुमाराला लांकाईचा फोन आला. ती ओरडत नव्हती.

"काय केलंस रे मास्तर! पहाटे सगळे अंगणात जमलेले. बाळाला आभाळ दाखवायला बाहेर आणलेलं. जावयाच्या मावशीने फोन पुढे केला, फोटोतली होडकी बघून म्हणाली, आवो, हे तुमच्या चोरकोरचेच ना? आवोने बघितलं. ती नुमोंकडे नाही बघत बसली. त्या बोटावरचा चट्टा बघितला, आणि मग आपला हात बघितला."

"मग?"

"मग काय? आधी पाणी मिळालं नाही तिला. बसायलाही मिळालं नाही. बाळाला तसंच आत नेलं. नाव ठेवायचं राहिलं."

सोमवारी बोलावणं आलं. सेनानू जिनच्या दोन बाटल्या घेऊन गेला, कारण चुकलेल्या माणसाने रिकाम्या हाताने वडीलधाऱ्यांसमोर जायचं नसतं. अंगणात सात-आठ जण अर्धगोल करून बसले होते. मध्ये कोतेई नुमो. आवो काळं वस्त्र गुंडाळून चटईवर होती. ती आकसून एवढीशी दिसत होती.

कोतेई नुमोंनी तोंड उघडलं तोच आवो म्हणाली, "थांबा भाऊजी. आधी त्याला बसू दे. त्याला पाणी द्या. प्रवास विचारा. आपल्यात असंच करतात."

कुणीतरी पेला आणून दिला. सेनानूने तो दोन्ही हातांनी घेतला. तिने मारलं असतं तरी चाललं असतं.

"पी," आवो म्हणाली. तो प्यायला.

"मास्तर, मला आधी राग आला नाही. आधी मी माझा हात ओळखला. मला वाटलं, हा माझा हात, म्हणजे मी तिथे आहे. मी तिथे असताना त्याला काय होणार? मग मला वाचून दाखवलं. मी कुठे गेले त्यातली?"

"तुमचं तोंड हललं होतं, आवो."

"हलणारच. जिवंत होते मी."

कोतेई नुमोंनी घसा साफ केला आणि रागवायचं सोडून कामाचं काढलं. मयताच्या फलकाला फोटो हवा होता. नुमोचा दुसरा होता तो ओळखपत्रावरचा, त्यात तो चोरासारखा दिसत होता. हाच लावायचा, फक्त तो हात पुसून टाकायचा. जिवंत बाईचा हात मेलेल्या माणसाच्या फलकावर दिसला तर मेलेला तिला सोबत ओढून नेतो. छापणारा म्हणाला होता, दोन मिनिटांचं काम आहे.

"हात राहील," आवो म्हणाली.

"वहिनी, अपशकुन होतो."

"बाळ बिननावाचं घरात परत नेलं, आणखी कसला अपशकुन व्हायचा राहिलाय? ओढलं तर ओढलं. एकदा कापलंय मला त्याच्यापासून, दुसऱ्यांदा कुणी कापायचं नाही." तिने सेनानूकडे बोट केलं, तेच चट्ट्याचं. "तू छापून आणायचं. भिंतींवर लावायचंही तूच. आणि तो दोघांचा फोटो आणलायस का?"

त्याने पिशवीतून लिफाफा काढला. कडा दुमडल्या होत्या. आवोने फोटो गुडघ्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ बघितला. आपल्या हललेल्या तोंडावरून तिने अंगठा फिरवला.

"कधी छापलास?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात येऊन गेलं. "दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे तो ठरलेला मंगळवार आला तेव्हा हा तुझ्या पिशवीत होता."

"हो."

"दर मंगळवारी विचारायचा तो. जाळं सांधता सांधता रस्त्याकडे बघायचा. म्हणायचा, मास्तर माणूस आहे, येईल." तिने फोटो वस्त्राच्या गाठीत बांधला. "तुझी जिन भाऊजी घेतील, ती त्यांची रीत. मी काही घेतलेलं नाही."

फलक छापून आले तेव्हा सेनानूने खळीची बादली घेतली आणि चोरकोरच्या भिंतीभिंतीवर ते एकट्याने चिकटवले. कॅमेरा घरी होता. येणारे-जाणारे थांबून चेहऱ्याचं कौतुक करत आणि मग सगळेच तेच विचारत, खांद्यावरचा हात कुणाचा? तो दर वेळी ब्रश खाली ठेवून सांगायचा, "त्यांच्या बायकोचा. आवो देदेईचा." नकाशावरच्या तेरा वस्त्या तशाच राहिल्या.