बिनफडक्याचा आचारी

आमचे हे, गणपत आचारी, तोंडवलीच्या समाराधनेत उकळत्या भाताचा टोप नुसत्या हातांनी चुलीवरून उतरवायचे. फडकं घेतलं तर म्हणे इज्जत जाते. लोक म्हणायचे, "देवीचो हात आसा तो!" मग काय, स्वारी आणखीच फुगायची.

फोडांना खोबरेल लावायला मात्र मी. यांची बोटं भर वैशाखातही गार नि निळसर. पुढे उजवं कोपर नारळाएवढं सुजलं, हलवलं की आत करकर वाजायचं, आणि दुखत मात्र तसूभरही नव्हतं. बधिर हात म्हणजे महारोग, एवढंच गावाला ठाऊक. कळलं असतं तर यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी प्यालं नसतं.

"डॉक्टराकडे चला," मी म्हटलं.

"देवीच्या हाताक डॉक्टर कित्याक?"

"मगे देवीकच इचारूया."

देवीचा कौल घ्यायला गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. यांनी छाती काढून गाऱ्हाणं घातलं, "ह्या हातात तुजो वास आसात तर उजव्या बाजूचा फूल दी." अर्ध्या तासाने डावं पडलं. यांनी गुरवावर डोळे वटारले, पण देवीशी वाद कोण घालणार?

बेळगावच्या डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितलं आणि हाताला दोन बाटल्या लावल्या, एक गरम, एक गार.

"दोनय सारक्योच," हे म्हणाले.

सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, "महारोग नाही. फार क्वचित होणारा आजार आहे. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोकळी झालीय. भाजल्याची, दुखल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचतच नाही. म्हणून सांधा झिजला तरी यांना पत्ता नाही. हातांतलं रक्तही नीट फिरत नाही. बरा होणार नाही, पण जपता येईल. विस्तवाजवळ जायचं नाही." मी तिथेच रडले, सुटल्यासारखी.

डॉक्टरांची चिठ्ठी मी देवळात गुरवाकडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतली. पुढच्या समाराधनेला हे हात झोळीत अडकवून बाकावर बसले आणि हुकूम सोडू लागले. टोप मी उतरवला. घाईत फडकं सरकलं.

"आये गे!" मी बोट तोंडात घातलं. वाटलं, आता टोमणा येणार. हे उठून आले आणि माझं बोट धरून बघत राहिले.

"खूप दुखता?"

"तर! नुसती आग आग होता."

"कशी होता ती, सांग मगे," हे हळूच म्हणाले. "माका आता आठवणा नाय."