खांद्यावरची चार बोटं

मी भिंतीवरचा फोटो बोलतोय. आरोंद्याला खाडीकाठच्या एका घरात, चंदनाच्या हाराखाली टांगलेला.

माझा जन्म मात्र पाण्यावरचा. होडीवाला बाबू आणि त्याची बायको नर्मदा होडीत बसली होती. नात रियाने काठावरून मोबाइल धरला आणि नेमकी होडी डुलली. जन्म खाडीकाठी गेला तरी नर्मदेला होडीची भीती. तिने बाबूचा खांदा गच्च धरला, बाबू हसला, आणि मी टिपला गेलो. वल्हं, टोपलीतल्या कुर्ल्या, हसणारा नवरा, भ्यालेली बायको. ही दोघं एकमेकांची कोण, हे कुणाला सांगावं लागत नसे.

मग बाबू वारला. मुलगा देवेश मला कुडाळला स्टुडिओत घेऊन गेला. आमच्याकडे जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून नर्मदेला कापलं. होडी गेली, वल्हं गेलं. मागे स्टुडिओतलं तयार चित्र आलं, जाडजूड पुस्तकांच्या कपाटाचं. वरून काच, मागून पुठ्ठा आणि खिळे. तेव्हापासून मी कोंडलेला आहे.

बाराव्याला बाहेरगावचे पाहुणे हळूच विचारत, "वकील होते का?"

शेजारचा बाबली हसू दाबत म्हणाला, "रे देवेश, बाबून येवढी पुस्तका कधी वाचल्यान? तेका तर सही पण करूक येय नाय!"

खोटं दिसत होतं माझ्यात, आणि मला ते पुसता येत नव्हतं.

स्टुडिओवाल्याच्या हातून एक गोष्ट तेवढी राहून गेली. बाबूच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर चार बोटं. ती पहिल्यांदा दिसली बाबूच्या थोरल्या बहिणीला, अक्काला.

"नर्मदे, तुझी बोटा गो ही! जित्या माणसाची बोटा हाराखाली? ह्या बरा नाय."

"एका मिनटाचा काम, आत्ये," देवेश म्हणाला. "उद्या कुडाळाक जातंय, पुसून आणतंय."

त्याने हार काढला, मला खिळ्यावरून उतरवून पिशवीत घातलं. वाटलं, संपलं. ही बोटं गेली की मी कायमचा वकील.

नर्मदा आतून आली. पिशवीतून मला काढून तिने पदराने काच पुसली.

"होडयेत हेंनीच सांगलेल्यांनी, घट्ट धर, सोडू नको. आता तुमी कित्याक सोडवतास?"

देवेशने मला परत टांगलं. अक्काने जवळ येऊन काचेवरून त्या बोटांवर हात फिरवला. मग तिनेच हार घातला आणि एका बाजूला ओढला, बोटांना शिवणार नाही असा.

"ऱ्हवांदे मगे. तो तरी एकटो खंय जातलो!"

तेव्हापासून माझा हार वाकडा आहे. काच तशीच, कपाट तसंच. भरतीचं पाणी खिडकीखाली वाजतं, पण माझ्यातल्या बाबूला होडी पाण्यात लोटता येत नाही. आलेल्या पाहुण्यांना वाकडा हार बघवत नाही. कुणीतरी उठून तो सरळ करतं, आणि बोटं झाकली जातात. पाहुणे गेले की नर्मदा दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढते आणि हार पुन्हा बाजूला ओढते.

म्हणून कधी या घरी आलात, तर माझं एवढं ऐका. चहा घ्या, दोन गोष्टी बोला. हाराला मात्र हात लावू नका.